घाटेअळी आणि आपण

कला शाखेच्या विद्यार्थ्याने अळीवर लेख लिहावा, याचे काहींना हसू येईल. परंतु ज्या हरभऱ्यावर माझी फी भरली जाते, त्याचे घाटे गेल्या रब्बीत या अळीने पोखरले. डोके घाट्यात आणि धड बाहेर, अशी ती निवांत दाणे खात होती. दुकानदाराच्या सांगण्यावरून आबांनी दोन औषधे एकत्र करून फवारली. उधारी वाढली, अळी मात्र तशीच राहिली.

गावाने अळीला दोष दिला. मला ते पटत नाही. हेलिकोव्हर्पा या पतंगाची मादी कोवळ्या पानांवर, कळ्याफुलांवर एकेक करून शेकडो अंडी घालते. त्यांतून निघालेली बारीक अळी आधी पाने खरवडून खाते. त्या वेळी ती उघड्यावर असते आणि साध्या उपायांनीही आटोक्यात येते. आपण जागे होतो ते घाटे भरू लागल्यावर! मग जहाल औषधांसाठी धावपळ. फवाऱ्यातून ज्या अळ्या वाचतात, त्यांचीच प्रजा पुढे वाढते. हीच अळी तुरीच्या शेंगा आणि कपाशीची बोंडेही पोखरते. १९८७ साली आंध्र प्रदेशात कपाशीवरील या अळीने पायरेथ्रॉइड औषधांना दाद दिली नाही. तिला इतके कणखर कोणी केले? आपणच ना?

वास्तविक उपाय फार खर्चाचे नाहीत. कामगंध सापळ्यांत पतंग दिसू लागले की रोज पीक पाहावे. अळी लहान असतानाच ५ टक्के निंबोळी अर्क फवारावा. शेतात पक्षीथांबे रोवावेत किंवा हरभरा पेरताना थोडी ज्वारी मिसळावी. उंच ताटांवर बसणारे पक्षी अळ्या वेचतात.

हे सारे एका छापील पत्रकात होते आणि ते पत्रक आमच्या फडताळात होते. आबांना बारीक अक्षर दिसत नाही, मला दिसते. नाताळच्या सुट्टीत हरभरा फुलावर असताना मी घरीच होतो, कादंबरी वाचत होतो.

मित्रहो, आपल्यापैकी कित्येकजण शेतकऱ्यांची मुले आहोत. शिकलो म्हणजे बांधावरून उठलो, असे आपण समजू लागलो आहोत. कादंबरी जरूर वाचावी. पण घरातले पत्रक वडिलांना वाचून दाखविण्याइतकेही शिक्षण कामी येत नसेल, तर आतून पोखरले गेले आहे ते केवळ हरभऱ्याचे पीक नव्हे, असे मला वाटते.