निमित्त वेगळे, कारण वेगळे

जानेवारी संपत आला की आमच्या वरठीत धानाची मळणी आटोपलेली असते. बांध्यांमध्ये लाखोरी उभी असते, सकाळी धुके इतके दाट की भंडारा रोड स्टेशनातून निघालेली गाडी फक्त ऐकू येते, दिसत नाही. अशाच एका सकाळी आमची नात चुलीजवळ पाय पोटाशी घेऊन बसली होती. इयत्ता आठवी. हातात कागद, त्यावर शाळेतल्या भाषणाचा मजकूर. 30 जानेवारीला, हुतात्मा दिनी, तिला दोन मिनिटे बोलायचे होते. पण ती पाठ करत नव्हती, नुसती कागदाकडे बघत बसली होती.

आम्ही विचारले, "काय झाले बेटा?"

ती म्हणाली, "नाना, गांधीजींना आपल्यामुळे मारले का?"

वर्गातल्या एका मुलीने तिला सांगितले होते की, गांधीजींनी मुसलमानांसाठी उपोषण करून पाकिस्तानला 55 कोटी द्यायला लावले आणि म्हणून त्यांना मारले. ती मुलगी भांडण करत नव्हती. तिच्या घरी कुणाच्या तरी मोबाईलवर हे आले होते, तिने ते जसेच्या तसे सांगितले. दोघी मैत्रिणी आहेत आणि आजही एकाच बाकावर बसतात. पण आमच्या नातीच्या मनात त्या दिवसापासून एक ओझे येऊन बसले होते. तेरा वर्षांच्या मुलीने आपल्या जन्माच्या कितीतरी आधी झालेल्या खुनाचे ओझे का वाहावे?

तिला जे सांगितले, तेच आज वाचकांपुढे मांडतो. कारण हा प्रश्न फक्त आमच्या घरातला नाही, हे आम्हाला ठाऊक आहे.

आधी त्या 55 कोटींचे बघू. फाळणीच्या वेळी सरकारी तिजोरीतल्या रोख शिलकेतून पाकिस्तानच्या वाट्याला 75 कोटी रुपये ठरले. त्यातले 20 कोटी दिले गेले, 55 कोटी उरले. काश्मीरमध्ये लढाई सुरू झाल्यामुळे भारत सरकारने ही उरलेली रक्कम रोखून धरली. ठरलेले पैसे न देणे शब्द मोडण्यासारखे आहे, असे गांधीजींचे मत होते. ते लपवण्याचे कारण नाही. त्यांच्या उपोषणाचा सरकारच्या निर्णयावर परिणाम झाला, हेही खरे. जे खरे आहे ते आपण आधी मान्य करावे, म्हणजे जे खोटे आहे ते ठामपणे नाकारता येते.

आता तारखा बघा. उपोषणाची घोषणा 12 जानेवारी 1948 च्या प्रार्थनासभेत झाली. दिल्लीत जीव घेऊन लपलेल्या, घरे आणि मशिदी गमावलेल्या मुसलमानांना शांततेने राहता यावे, हिंदू, शीख आणि मुसलमानांची मने जुळावीत, ही त्यामागची मागणी होती. त्या घोषणेत 55 कोटींचा उल्लेख नव्हता. उपोषण 13 तारखेला सुरू झाले. 15 तारखेला सरकारने रक्कम देण्याचा निर्णय जाहीर केला. पैशासाठी उपोषण असते तर ते त्याच रात्री सुटायला हवे होते. ते सुटले नाही. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस आणखी दोन दिवस उपाशी राहिला. 18 तारखेला दिल्लीतल्या सर्व समाजांच्या पुढाऱ्यांनी लेखी हमी दिली, तेव्हाच मौलाना आझादांच्या हातून संत्र्याचा रस घेऊन त्यांनी उपोषण सोडले.

त्या हमीपत्रात काय होते, हे आपल्या मुलांना माहीत असायला हवे. मेहरौलीला ख्वाजा कुतबुद्दीन बख्तियार काकी यांच्या दर्ग्यावरचा उरूस दरवर्षीसारखा भरू द्यावा. बळकावलेल्या मशिदी परत कराव्यात. मुसलमानांना शहरात मोकळेपणी फिरता यावे. रेल्वेगाडीतून जिवाला धोका न होता प्रवास करता यावा. त्यांच्यावर आर्थिक बहिष्कार नसावा. भीतीने पाकिस्तानात निघून गेलेल्यांपैकी ज्यांना परत यायचे असेल त्यांना येऊ द्यावे. मुसलमानांच्या वस्तीत इतरांनी राहायला यावे की नाही, हे त्या वस्तीतल्या लोकांच्या मर्जीवर असावे. बस्स, एवढेच. यात एक रुपयाही नाही. दुकान, घर, मशीद, रेल्वेचा डबा आणि एक उरूस. आम्ही स्टेशनाच्या गावात राहतो, गाडीची शिट्टी ऐकतच म्हातारे झालो. गाडीत निर्धास्त बसता यावे यासाठी कुणीतरी एकेकाळी उपाशी राहिले होते, ही गोष्ट आम्हाला साधी वाटत नाही.

27 जानेवारीला गांधीजी स्वतः मेहरौलीला उरुसात गेले. त्यानंतर तिसऱ्या दिवशी, 30 तारखेला संध्याकाळी 5 वाजून 17 मिनिटांनी, बिर्ला हाऊसच्या हिरवळीवर नथुराम गोडसेने त्यांच्यावर तीन गोळ्या झाडल्या.

मारेकऱ्याचा हेतू काय होता? 8 नोव्हेंबर 1948 ला लाल किल्ल्यातल्या न्यायालयात त्याने लांबलचक निवेदन वाचले. कट नव्हता, मी एकट्यानेच केले, असे त्याने सांगितले आणि कारणांमध्ये उपोषण व 55 कोटी यांचा पाढा वाचला. पुढे त्याचा भाऊ गोपाळ गोडसे याने पुस्तक लिहिले, त्याचे नावच 'पंचावन्न कोटींचे बळी'. 1998 मध्ये प्रदीप दळवींचे 'मी नथुराम गोडसे बोलतोय' हे नाटक आले, त्यावरून वाद पेटला आणि बंदीही आली. अशा रीतीने आरोपीचे म्हणणे मराठी घराघरात इतिहास म्हणून पोहोचले. य. दि. फडके यांनी 'नथुरामायण' लिहून त्याला उत्तर दिले, पण उत्तर वाचणारे नेहमीच कमी असतात.

आरोपी पिंजऱ्यात उभा राहून जे सांगतो ते पुरावा म्हणून तपासायचे असते, जसेच्या तसे स्वीकारायचे नसते. 'मी एकटाच' हे म्हणणे साथीदारांना वाचवणारे होते आणि न्यायाधीश आत्माचरण यांनी ते मानले नाही. 10 फेब्रुवारी 1949 च्या निकालात कट सिद्ध झाला. मग '55 कोटींमुळे' हे म्हणणे तरी तपासल्याशिवाय का मानायचे? खटल्यात पुढे आलेली एक साधी गोष्ट पाहा. 13 आणि 14 जानेवारीला नथुरामने आपल्या दोन विमा पॉलिसी साथीदार आपटेच्या आणि भाऊ गोपाळच्या पत्नींच्या नावे लावून दिल्या. माणूस परत न येण्याच्या तयारीने निघतो तेव्हा असे करतो. पैसे देण्याचा निर्णय झाला 15 तारखेला. म्हणजे निघण्याची तयारी आधी, 55 कोटी नंतर.

आणखी मागे जा. 25 जून 1934 ला पुण्यात गांधीजींच्या सत्कारासाठी निघालेल्या मोटारींवर बॉम्ब टाकला गेला. टाकणारा कधीच सापडला नाही. तेव्हा गांधीजी अस्पृश्यता निवारणासाठी देशभर दौरा करत होते. मुस्लीम लीगचा लाहोर ठराव व्हायला अजून सहा वर्षे होती. पाकिस्तान नव्हते, फाळणी नव्हती, 55 कोटी तर नव्हतेच. सप्टेंबर 1944 मध्ये आमच्या विदर्भातच, वर्ध्याजवळच्या सेवाग्रामात, गांधीजींनी जीनांना भेटायला जाऊ नये म्हणून निदर्शक दारात बसले. पोलिसांनी त्यांना पकडले तेव्हा एकाजवळ सुरा सापडला. 1944 मध्येही 55 कोटी नव्हते.

मग इतकी वर्षे टिकून राहिलेली गोष्ट कोणती? या देशात बरोबरीने कोण बसणार, हा प्रश्न. दलिताला देवळात आणि विहिरीवर बरोबरीची जागा द्यायची का? मुसलमानाला दिल्लीत शेजारी म्हणून राहू द्यायचे का? गांधीजींच्या उत्तरांवर दलितांच्या नेत्यांनी आणि मुसलमानांनीही टीका केली आहे. पण ते 'हो' म्हणत होते, आणि ते 'हो' काहींना सहन होत नव्हते. 55 कोटी हे निमित्त. कारण हे.

अमेरिकेत असेच घडले होते. अध्यक्ष अब्राहम लिंकन यांना 14 एप्रिल 1865 च्या रात्री नाट्यगृहात जॉन विल्क्स बूथ नावाच्या नटाने गोळी घातली. दुसऱ्या दिवशी सकाळी ते वारले. जुलमी राजांचा असाच शेवट होतो, अशा अर्थाची लॅटिन घोषणा बूथने मंचावरून दिली. म्हणजे त्याने सांगितलेला हेतू स्वातंत्र्याचा. पण तीन दिवस आधी, 11 एप्रिलला, लिंकननी आपल्या शेवटच्या भाषणात काही काळ्या लोकांना मताचा हक्क मिळावा असे म्हटले होते आणि ते ऐकणाऱ्या गर्दीत बूथ उभा होता. ज्याला आजवर गुलाम म्हणून विकले, तो उद्या आपल्या रांगेत उभा राहून मत देणार, हे त्याला सोसले नाही. तोंडात स्वातंत्र्य होते, पोटात हे होते.

आपला इतिहासही आपण बाजूला ठेवू नये. हजरत अली (रजि.) यांच्यावर कुफाच्या मशिदीत 661 साली वार करणारा इब्न मुल्जम परधर्मी नव्हता. तो खारिजी होता, कलमा पढणारा होता, आणि आपण दीनसाठीच हे करतो आहोत अशी त्याची खात्री होती. लिंकनचा मारेकरी लिंकनच्याच देशाचा आणि वर्णाचा. गांधीजींचा मारेकरी गांधीजींच्याच धर्माचा. आपल्यातला माणूस दुसऱ्याला जवळ करतो, याचा राग परक्याच्या रागापेक्षा जास्त विखारी असतो. म्हणून हेतू तपासताना फक्त समोरच्याच्या घरात डोकावून चालत नाही.

आता नातीच्या प्रश्नातला सर्वांत नाजूक भाग. 30 जानेवारीच्या संध्याकाळी देशभरातल्या मुसलमान घरांत एकच धडधड होती, मारणारा कोण? तो मुसलमान निघाला तर काय होईल, हे सरकारलाही कळत होते. म्हणूनच मारेकरी हिंदू असल्याचे रेडिओवरून मुद्दाम सांगण्यात आले. आमच्या वडिलांच्या पिढीतले लोक त्या रात्रीबद्दल बोलताना आवाज खाली आणत.

पण गोष्ट तिथे संपली नाही. मारेकऱ्याची जात कळली आणि पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर, इकडे नागपूरपर्यंत ब्राह्मणांच्या घरादारांवर जमाव चालून गेले. वाडे जळाले, दुकाने लुटली गेली, कोल्हापुरात भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ जाळला गेला. ज्यांनी पिस्तूल पाहिलेही नव्हते, त्यांना आपले गाव सोडून शहर गाठावे लागले. गांधीजींच्या नावाने हे झाले, आणि गांधीजी असते तर याविरुद्धही उपाशी बसले असते.

एकाच्या गुन्ह्यासाठी सगळ्या जमातीला धरायचे, ही रीत आपल्या वाट्याला आली की आपल्याला ती जुलूम वाटते. मग ती 1948 च्या सातारा-सांगलीतही जुलूमच होती, असे आपण स्पष्ट म्हटले पाहिजे. इन्साफ मागणाऱ्याने आधी इन्साफ बोलावा लागतो. गोडसेच्या गुन्ह्याचा हिशेब कुठल्याही जातीकडे मागायचा नाही. आणि त्याच न्यायाने, गांधीजींच्या खुनाचे ओझे आठवीतल्या एका मुसलमान मुलीच्या खांद्यावर कुणी ठेवायचे नाही.

आम्ही नातीला म्हणालो, "बेटा, आपल्यामुळे मारले नाही. आपण इथे राहावे असे ते म्हणाले, ते ज्याला नको होते त्याने मारले. दोष म्हणणाऱ्याचाही नाही आणि राहणाऱ्याचाही नाही."

ती थोडा वेळ गप्प बसली. मग विचारले, "मैत्रिणीला काय सांगू?"

"भांडू नको. तारखा सांग. 13, 15 आणि 18."

तिने पेन काढून भाषणाच्या कागदावर समासात तीन आकडे लिहिले. दोन मिनिटांच्या भाषणात हे सगळे बसणार नव्हतेच. तिने उपोषण सुटल्याचे आणि हमीपत्रातल्या रेल्वेगाडीचे तेवढे घेतले. शाळेतून आल्यावर सांगत होती की, मैत्रिणीने ते आकडे आपल्या वहीत उतरवून घेतले आणि घरी दाखवते म्हणाली.

वाचकहो, तुमच्याही घरात हा प्रश्न आला असेल, किंवा उद्या येईल. मूल विचारते तेव्हा त्याला गप्प करू नका, आणि रागही देऊ नका. तारखा द्या.