कक्षेतल्या वस्तीत कब्रस्तान कुठे?

माझी भाची नववीत आहे. तिच्या इंग्रजी शाळेत यंदा एक नवा उपक्रम आला आहे. अंतराळात फिरत राहणाऱ्या, दहा हजार माणसांच्या वस्तीचा आराखडा मुलांनी करायचा. एका रविवारी ती कार्डशीटची गुंडाळी घेऊन आमच्याकडे आली. नकाशात बागा होत्या, पोहण्याचा तलाव होता, क्रिकेटचं मैदानही होतं. मी सहज विचारलं, "यात माणसं मेली तर त्यांना कुठे नेणार?" ती गप्प झाली. मग म्हणाली, "मामू, ते कुणी विचारलंच नाही."

खरं सांगायचं तर हा मोठ्या फीच्या शाळांचा आणखी एक थाट असावा, असंच मला आधी वाटलं होतं. त्या कार्डशीटनं माझं मत बदललं.

हा विषय मुळात वर्गातच जन्मला. 1969 साली प्रिन्स्टन विद्यापीठातले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक जेरार्ड ओ'नील यांनी पहिल्या वर्षाच्या मुलांना विचारलं, वाढत्या यंत्रसंस्कृतीसाठी ग्रहाचा पृष्ठभाग हीच योग्य जागा आहे का? मुलांनी गणितं मांडली आणि उत्तर 'नाही'कडे झुकलं. 1975 च्या उन्हाळ्यात नासाच्या पुढाकारानं अभ्यासकांनी एक पूर्ण आराखडा केला. सायकलच्या ट्यूबसारखं कडं, व्यास जवळपास 1.8 किलोमीटर, मिनिटाला एक फेरी. एवढ्या फिरण्यानं आतल्या माणसाला पृथ्वीइतकंच वजन जाणवतं. यासाठी लागणारं अभिकेंद्री बल आपल्या दहावीच्या विज्ञानात पहिल्याच धड्यात आहे. आपली मुलं ते सूत्र पाठ करतात, दोन मार्क घेतात आणि विसरतात.

त्या आराखड्यात माणशी साधारण 67 चौरस मीटर जागा धरली आहे, म्हणजे सातशेवीस चौरस फूट. त्यातच घर, रस्ता, शाळा, शेती सगळं आलं. आमच्या मोहल्ल्यात दहा बाय बाराच्या खोलीत सहा-सात माणसं राहतात. तिथल्या मुलाला हा आकडा दिला, तर तो आधी हसेल आणि मग आपल्या खोलीचं गणित करील. मला ते दुसरं गणित हवं आहे.

पाण्याचंही तसंच. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात घाम, लघवी, श्वासातली वाफ सगळं गाळून 98 टक्के पाणी परत वापरता येतं, असं नासानं 2023 मध्ये जाहीर केलं. तिथे कुणी 'खालच्या अंगाला' राहत नाही. आणि आमच्याकडे? जयंती नाल्यातून शहराची घाण पंचगंगेत जाते आणि तेच पाणी पुढे इचलकरंजीकडे. 2012 साली इचलकरंजीत काविळीची साथ आली, ती लोक विसरलेले नाहीत. जिच्या वस्तीत सांडपाण्याला बाहेरची वाटच नाही, अशी मुलगी नाल्यावरून जाताना तो निराळ्या नजरेनं बघेल.

धर्माचे प्रश्न तर आपल्याच मुलांनी विचारायचे. 2007 मध्ये मलेशियाचे शेख मुसझफर अंतराळात गेले, तेव्हा तिथल्या उलेमांनी नमाजसाठी रीतसर मार्गदर्शन काढलं. जमेल तर काबाकडे तोंड, नाहीतर पृथ्वीकडे, तेही नाही तर जमेल तिकडे. वेळा मात्र जिथून यान उडालं तिथल्या. पण ओ'नीलच्या वस्तीत ऊन आरशांनी आत येतं. म्हणजे मगरिब कधी, हे आरसा फिरवणारा ठरवणार! (चाँद दिसला की नाही, यावर दरवर्षी होणारी आपली भांडणं तिथे कुठल्या थराला जातील, विचारू नका.)

आणि सर्वांत अवघड प्रश्न शेजाराचा. भाड्याची खोली शोधताना आडनाव सांगितल्यावर 'आत्ताच गेली' हे मी दोनदा ऐकलं आहे. कोरी वस्ती हातात आल्यावर मुलं कुणाचं घर कुठे ठेवतात, हे मला बघायचं आहे. आपलीही मुलं. आपण आपल्याआपल्यातच राहायला सोकावलो आहोत, हेही खोटं नाही.

म्हणून माझं म्हणणं असं, की हा अभ्यास महापालिकेच्या मराठी आणि उर्दू शाळांत यावा आणि वसतिगृहांतही. 1906 साली शाहू महाराजांच्या पुढाकारानं या गावात मुस्लिम बोर्डिंग उभं राहिलं, ते मुलांनी शहरात टिकून शिकावं म्हणून. ज्या कोल्हापुरात जयंत नारळीकर जन्मले आणि ज्यांनी पुढे मराठीत विज्ञानकथा लिहिल्या, तिथे हा विषय मराठीत शिकवता येत नाही असं कुणी म्हणू नये. कार्डशीट, पट्टी आणि गुणाकार येणारा एक मास्तर, यापलीकडे खर्च नाही. शाळकरी मुलांसाठी अशा आराखड्यांची जागतिक स्पर्धा नासाच्या एम्स केंद्रानं 1994 मध्ये सुरू केली. आता ती अमेरिकेतली नॅशनल स्पेस सोसायटी घेते आणि भारतातली मुलं तिथे बक्षिसंही मिळवतात. पण बक्षीस नाही मिळालं तरी चालेल.

"आधी मुलांना वाचता येऊ दे, मग आकाशात पाठवा," असं एक शिक्षक मित्र म्हणाले. त्यांचं दुखणं खरं आहे, वर्गात साठ मुलं असतात. पण वाचायला मुलाला काही कारण लागतं. माझी भाची गेले तीन आठवडे मातीबद्दल मिळेल ते वाचते आहे. त्या वस्तीसाठी लागणारं सामान चंद्रावरून आणायचं असा मूळ बेत होता, म्हणजे मिट्टी द्यायची तीही चंद्राचीच. कब्रस्तानाची जागा तिनं शेतीच्या पट्ट्याला लागून काढली आहे, शेजारी स्मशानासाठीही. तिथे लाकूड जाळता येणार नाही, हवा कमी पडेल, हे तिच्या वर्गातल्या एका मुलानं दाखवून दिलं. आता दोघं मिळून त्यावर तोडगा काढताहेत. जनाजा बाजारातून न्यायचा की मागच्या रस्त्यानं, यावर मात्र अजून त्यांचं एकमत नाही.