कार्ड शाबूत, ड्रायव्हर मात्र निवृत्त!

मुंबई, विशेष प्रतिनिधी -

सकाळी कार्यालय उघडावे, संगणक सुरू करावा आणि पडद्यावरची अक्षरे एकाएकी बटबटीत झालेली दिसावीत. शेजारचा दुसरा मॉनिटर काळाठिक्कर. चित्रफीत लावली तर ती अडखळत चालते. आदल्या संध्याकाळपर्यंत सारे सुरळीत होते. रात्री विंडोजने आपणहून अद्ययावतीकरण उरकले, एवढाच काय तो फरक. मग दुरुस्तीवाल्याला बोलावणे धाडले जाते. तो कॅबिनेट उघडतो, धूळ झटकतो आणि ‘कार्ड उडाले’ असे सांगून नव्या कार्डाचा भाव ऐकवतो. पुष्कळदा कार्ड उडालेले नसतेच. ते चालविणारी आज्ञावली, म्हणजे ड्रायव्हर, तेवढा निकामी झालेला असतो.

ग्राफिक्स कार्ड आणि संगणकाची कार्यप्रणाली यांच्यातील दुभाषा म्हणजे ड्रायव्हर. पडद्यावर खिडकी उघडणे, चित्रफीत उलगडणे, दोन मॉनिटर स्वतंत्रपणे चालविणे ही कामे विंडोज या दुभाष्यामार्फत कार्डाकडून करवून घेते. दुभाषा हजर नसेल, तर ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अ‍ॅडॉप्टर’ नावाच्या कामचलाऊ ड्रायव्हरवर वेळ मारून नेली जाते. पडदा दिसतो, परंतु कार्डातील वेग देणारी सारी यंत्रणा निजून राहते आणि तिचे काम बिचाऱ्या प्रोसेसरच्या गळ्यात पडते. कधी डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाच्या नावापुढे पिवळे चिन्ह आणि ‘कोड ४३’ असा शेरा उमटतो. यंत्राने बिघाड कळविल्यामुळे विंडोजने ते थांबविले आहे, इतकाच त्याचा अर्थ. बिघाड कार्डाचा की ड्रायव्हरचा, हे तो शेरा सांगत नाही.

अर्थात प्रत्येक वेळी ड्रायव्हरवर खापर फोडणेही योग्य नव्हे. कार्डाने ठराविक वेळेत प्रतिसाद दिला नाही तर विंडोज ते पुन्हा सुरू करते. ही सोय २००७ मध्ये बाजारात आलेल्या व्हिस्टापासूनची असून मूळ मुदत अवघी दोन सेकंदांची आहे. पडदा क्षणभर काळा होऊन ‘डिस्प्ले ड्रायव्हरने प्रतिसाद देणे थांबविले’ अशी सूचना येते, ती यामुळेच. सूचनेत नाव ड्रायव्हरचे असले, तरी दोष दुबळ्या एसएमपीएसचा, बंद पडलेल्या पंख्याचा किंवा कार्डावर साचलेल्या धुळीचाही असू शकतो. तथापि हे दोष दुरुस्त होण्याजोगे असतात. ड्रायव्हर काढणेच कंपनीने थांबविले असेल, तर कुशल कारागिराचेही हात टेकतात.

एकाच महिन्यात दोन आघात

या प्रश्नाला धार आली ती ऑक्टोबर २०२५ मध्ये. त्या महिन्याच्या १४ तारखेला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चे सर्वसाधारण साहाय्य थांबविले. ग्राहकांसाठीची वाढीव सुरक्षा योजना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आखण्यात आली; मात्र तीत केवळ सुरक्षेचे तुकडे मिळतात. विंडोज ११ कडे जावे, तर त्या प्रणालीच्या अटी जुन्या संगणकांना पेलणाऱ्या नाहीत. टीपीएम २.० ही सुरक्षा चिप हवी, प्रोसेसर मायक्रोसॉफ्टच्या यादीतला हवा, आणि ग्राफिक्सला डायरेक्टएक्स १२ व नव्या धाटणीचा ड्रायव्हर हवा. शिवाय विंडोज ११ ची ३२-बिट आवृत्ती काढण्यातच आलेली नाही.

त्याच महिन्यात एनव्हिडियाने आपल्या मॅक्सवेल आणि पास्कल घराण्यांतील कार्डांसाठी नियमित ड्रायव्हर देणे बंद केले. या कंपनीला चिपच्या पिढ्यांना शास्त्रज्ञांची नावे देण्याची हौस आहे. फर्मी, केपलर, मॅक्सवेल, पास्कल अशी ती वंशावळ. पास्कल घराण्यात २०१६ साली आलेली जीफोर्स जीटीएक्स १०५० टीआय आणि १०६० ही कार्डे मोडतात. ड्रायव्हरची ५८० ही मालिका या घराण्यांसाठी शेवटची ठरली. ऑक्टोबर २०२८ पर्यंत दर तिमाहीस सुरक्षेपुरती दुरुस्ती देण्याचे कंपनीने जाहीर केले, ही जमेची बाजू. नऊ वर्षे एखादे कार्ड सांभाळणे ही थोडी सेवा नव्हे, हेही कंपनीच्या पारड्यात टाकावे लागेल. पण सर्वच ग्राहकांच्या वाट्याला नऊ वर्षे आली नाहीत, आणि खरी तक्रार तिथेच सुरू होते.

जीफोर्स जीटी ७३० हे स्वस्तातले कार्ड घ्या. २०१४ साली आलेले हे कार्ड असेंबल्ड संगणकांत सर्रास बसविले जाई. खोक्यावर नाव एकच, ‘जीटी ७३०’. आत मात्र काही कार्डांत २०१० च्या सुमाराची फर्मी चिप होती, तर काहींत त्यानंतरची केपलर. ग्राहकाला हा भेद ठाऊक असण्याचे कारण नव्हते. दुकानदारालाही तो ठाऊक असेच, असे नाही. एनव्हिडियाने फर्मीचे नियमित ड्रायव्हर एप्रिल २०१८ मध्ये थांबविले आणि सुरक्षा दुरुस्ती जानेवारी २०१९ पर्यंत दिली. केपलरच्या बाबतीत हीच वेळ अनुक्रमे ऑगस्ट २०२१ आणि सप्टेंबर २०२४ मध्ये आली. म्हणजे एकाच नावाचे कार्ड एकाच गल्लीतून घेतलेल्या दोघांपैकी एकाचे कार्ड तीन वर्षे आधी अनाथ झाले. जीटी ७१० ची कथाही फारशी निराळी नाही. जानेवारी २०१६ मध्ये आलेल्या या कार्डातही केपलरच होते. त्याच चिपवर चार एचडीएमआय जोडण्यांचे नवे कार्ड एका उत्पादकाने २०२० साली बाजारात आणले. ज्याने ते तेव्हा नवे म्हणून घेतले, त्याला नियमित ड्रायव्हर जेमतेम वर्षभर मिळाले.

एएमडीचा हिशेबही याच वळणाचा. २०१२ च्या आरंभी आलेल्या रेडिऑन एचडी ७००० मालिकेपासून पुढच्या आर९ ३०० आणि फ्युरीपर्यंतची कार्डे कंपनीने जून २०२१ मध्ये एकत्रच ‘लेगसी’ म्हणजे जुनाट ठरविली. त्यांतील फ्युरी हे २०१५ चे महागडे कार्ड. त्याला सहा वर्षे लाभली. ज्या कार्यालयांतून वेगळे कार्ड नसते आणि मदरबोर्डावरच्या जोडणीतून इंटेलचे अंगभूत ग्राफिक्स वापरले जाते, तीही यातून सुटलेली नाहीत. २०११ सालच्या दुसऱ्या पिढीच्या कोअर प्रोसेसरना इंटेलने विंडोज १० साठी अधिकृत पाठबळ दिलेच नाही. सहाव्या ते दहाव्या पिढीचे ग्राफिक्स जुलै २०२२ मध्ये मर्यादित साहाय्याच्या यादीत गेले.

व्हिस्टाचा धडा

नवी प्रणाली आणि जुने ग्राफिक्स यांचे भांडण नवे नाही. व्हिस्टाने एक्सपीच्या ड्रायव्हरची घडी मोडून नवी रचना आणली, आणि कार्डे बनविणाऱ्या कंपन्या तयारीत कमी पडल्या. अमेरिकेतील एका खटल्यात २००८ मध्ये मायक्रोसॉफ्टची अंतर्गत पत्रे उघड झाली. २००७ मध्ये कंपनीने नोंदविलेल्या व्हिस्टाच्या कोसळण्यांपैकी सुमारे २९ टक्के एनव्हिडियाच्या ड्रायव्हरच्या खात्यावर पडत होते, असे त्यांतून दिसले. तो खटला ज्यावरून गाजला, ती गोष्ट अधिक बोलकी आहे. इंटेलच्या ९१५ या चिपसेटला नव्या रचनेचा ड्रायव्हर मिळणार नव्हता. तरीही त्यावरील संगणकांना ‘व्हिस्टा कॅपेबल’ चा शिक्का लावता यावा, म्हणून अट सैल करण्यात आली होती. शिक्का पाहून संगणक घेणाऱ्यांना व्हिस्टाचे देखणे रूप अखेरपर्यंत दिसले नाही. २००९ मध्ये त्या खटल्याचा सामूहिक दाव्याचा दर्जा न्यायालयाने काढून घेतला.

ड्रायव्हर थांबविण्यामागे कंपन्यांची बाजू नाही असे नाही. ड्रायव्हर प्रणालीच्या अगदी गाभ्यात, कर्नेलच्या पातळीवर चालतो. प्रत्येक नव्या विंडोजवर, प्रत्येक जुन्या चिपसाठी तो तपासायचा म्हणजे अभियंत्यांचा ताफा राबवावा लागतो. शिवाय २०१६ पासून विंडोज १० च्या नव्या कर्नेल ड्रायव्हरवर मायक्रोसॉफ्टची डिजिटल स्वाक्षरी आवश्यक ठरली, त्यामुळे हौशी मंडळींनी परस्पर सुधारलेला ड्रायव्हर सहजी चालत नाही. सुरक्षेच्या दृष्टीने ही अट रास्तच. परंतु तिचा परिणाम असा, की मूळ कंपनीने हात वर केले की दुसऱ्या कुणाला ते काम पुढे नेण्याची वाटच उरत नाही.

वाट असली तर काय घडते, याचे उदाहरण लिनक्समध्ये आहे. एएमडीच्या कार्डांचा लिनक्सवरील ड्रायव्हर खुला आहे; त्याची आज्ञावली कुणालाही वाचता व सुधारता येते. ज्या रेडिऑन एचडी ७००० मालिकेला विंडोजवर २०२१ मध्ये निरोप मिळाला, तिच्यासाठी डिसेंबर २०२५ मध्ये लिनक्सच्या ६.१९ आवृत्तीत मोठी सुधारणा दाखल झाली आणि ही जुनी कार्डे आपोआप नव्या ‘एएमडीजीपीयू’ ड्रायव्हरवर चालू लागली. कार्ड तेच, एकीकडे भंगार, दुसरीकडे कामावर.

एनव्हिडियाच्या ग्राहकाला मात्र इथेही पुरते समाधान नाही. स्वयंसेवकांनी घडविलेला ‘नूवो’ हा खुला ड्रायव्हर केपलर कार्डांचा वेग हाताने वाढवू देतो; जीटीएक्स ९०० आणि १००० मालिकांत तेही जमत नाही, कारण त्या कार्डांना वेग वाढविण्यासाठी कंपनीची स्वाक्षरी असलेले फर्मवेअर लागते. परिणामी जीटीएक्स १०६० सारखे दणकट कार्ड नूवोवर मुंगीच्या पावलांनी चालते. एनव्हिडियाने मे २०२२ मध्ये आपल्या ड्रायव्हरचा कर्नेलमधील भाग खुला केला खरा, पण तो ट्युरिंग आणि त्यापुढील पिढ्यांपुरताच. ज्यांना त्याची सर्वाधिक गरज पडणार होती, ते नेमके कुंपणाबाहेर राहिले.

‘मग लिनक्स टाका’ हा सल्ला म्हणूनच दिसतो तितका सोपा नाही. मराठी छपाईच्या व्यवसायात तर नाहीच. युनिकोडपूर्व फाँटांत बांधलेल्या लग्नपत्रिका, दिवाळी अंक, स्मरणिका यांच्या जुन्या फायली अनेक डीटीपी केंद्रांत पेजमेकरमध्ये पडून आहेत. त्या सॉफ्टवेअरची शेवटची आवृत्ती २००१ ची. फाँट, पेजमेकर आणि जुने विंडोज यांची मोट एका संगणकावर एकदा बांधली गेली, की केंद्रचालक ती सोडण्यास धजावत नाही. त्यातच २०२५ च्या उत्तरार्धात मेमरीचे भाव जगभर भडकल्याने नवा संगणक घेणेही महागले.

जुना ड्रायव्हर शोधणे हे तर निराळेच दिव्य. इंटेलने नोव्हेंबर २०१९ मध्ये जुन्या मदरबोर्डांचे बायोस व ड्रायव्हर संकेतस्थळावरून काढून टाकले. विंडोज अपडेटमधील जुने ड्रायव्हर टप्प्याटप्प्याने हटविण्याचे मायक्रोसॉफ्टने जून २०२५ मध्ये जाहीर केले. पहिल्या टप्प्यात नवा पर्याय उपलब्ध असलेलेच जातील, असे कंपनीने म्हटले. अधिकृत दार बंद झाले की माणूस शोधयंत्राकडे वळतो आणि ‘एका क्लिकमध्ये सर्व ड्रायव्हर अद्ययावत’ अशा जाहिरातींच्या जाळ्यात सापडतो. कर्नेलच्या पातळीवर चालणारी वस्तू अनोळखी संकेतस्थळावरून घेणे म्हणजे घराची किल्ली वाटसरूच्या हाती देणे होय.

कायदा कुठे आहे?

भारतात ई-कचरा व्यवस्थापनाचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. ते वस्तू टाकून दिल्यानंतरचा विचार अधिक करतात. चालती वस्तू ड्रायव्हरअभावी टाकावी लागू नये, याचा फारसा नाही. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’ संकेतस्थळ सुरू केले. मे २०२५ मध्ये दुरुस्ती-सुलभता निर्देशांकाविषयी समितीचा अहवालही आला. त्याचा पहिला भर स्मार्टफोन आणि टॅब्लेटवर होता. युरोपीय महासंघाने २० जून २०२५ पासून स्मार्टफोनची विक्री थांबल्यावरही किमान पाच वर्षे प्रणालीची अद्ययावतीकरणे देण्याचे बंधन घातले. तिथेही आरंभ फोनपासूनच. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा निर्माण झाला आणि त्यातील २२.३ टक्केच रीतसर गोळा होऊन पुनर्प्रक्रियेस गेला. ड्रायव्हरमुळे बाद झालेली कार्डे त्यात किती, याचा वेगळा रकाना त्या आकडेवारीत नाही.

फ्रीजच्या दारावर विजेच्या वापराचे तारे असतात, औषधाच्या वेष्टनावर मुदतीची तारीख असते. ग्राफिक्स कार्डाच्या खोक्यावर मेमरी किती, जोडण्या किती, हे ठळक छापलेले असते. ड्रायव्हर कोणत्या वर्षापर्यंत मिळेल, हे नसते. विक्रीच्या दिवसापासून किमान मुदतीची लेखी हमी आणि साहाय्य थांबविताना फर्मवेअर व तांत्रिक माहिती खुली करण्याचे बंधन, एवढ्या दोन तरतुदींनी ग्राहकाची निम्मी फसगत टळेल. पहिलीस कंपन्यांचा विरोध असण्याचे सबळ कारण दिसत नाही. दुसरीस व्यापारी गुपितांचा मुद्दा पुढे येईल, आणि तो सर्वस्वी पोकळही नाही.

तोवर जुना संगणक राखून असलेल्यांनी आपल्या कार्डातील चिप कोणत्या घराण्याची, हे ‘जीपीयू-झेड’ या मोफत साधनाने पाहून घ्यावे आणि तिच्यासाठीचा शेवटचा ड्रायव्हर कंपनीच्याच संकेतस्थळावरून उतरवून पेन ड्राइव्हवर ठेवावा. अद्ययावतीकरणानंतर पडदा बिघडल्यास डिव्हाइस मॅनेजरमधील ‘रोल बॅक ड्रायव्हर’ हा पहिला उपाय. विंडोज १० च्या प्रो आवृत्तीत अपडेटबरोबर ड्रायव्हर येऊच नयेत, अशी तजवीज ग्रुप पॉलिसीतून करता येते. आणि लॅमिंग्टन रोडवर किंवा अन्यत्र जुने कार्ड घेताना भाव करण्याआधी घराणे विचारावे : जीटीएक्स १०५० टीआय पास्कल आहे, तर २०१९ चे जीटीएक्स १६५० ट्युरिंगचे असून ऑक्टोबर २०२५ च्या निर्णयातून ते वगळले गेले आहे.