बालकांची प्रतिजैविके : कायदा कागदावर, बाटली काउंटरवर

प्रतिनिधी

पावसाळा सुरू झाला की बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यांत गर्दी होते आणि औषधांच्या दुकानांतही. सर्दी-ताप घेऊन येणाऱ्या बहुतेक मुलांचा आजार विषाणूजन्य असतो व काही दिवसांत आपोआप बरा होतो. त्यावर प्रतिजैविकांचा (अ‍ॅण्टिबायोटिक्स) काहीही उपयोग नसतो. तरीही 'मागच्या वेळी दिले होते तेच द्या' असे सांगणारे पालक आणि चिठ्ठी न मागता बाटली पुढे करणारा दुकानदार हे दृश्य कोणत्याही शहराला नवे नाही.

या सवयीचे परिणाम दूरवर पोहोचतात. 'लॅन्सेट'ने जानेवारी २०२२मध्ये प्रसिद्ध केलेल्या जागतिक अभ्यासानुसार, औषधांना दाद न देणाऱ्या जीवाणूंमुळे २०१९ या एका वर्षात सुमारे १२ लाख ७० हजार मृत्यू झाले. त्यांतील दर पाचांपैकी एक मृत्यू पाच वर्षांखालील बालकाचा होता. जे औषध आज विनाकारण दिले जाते, तेच उद्या खऱ्या गरजेच्या वेळी निष्प्रभ ठरण्याचा धोका आहे.

कायदा नाही, असे मात्र नाही. १ मार्च २०१४पासून लागू झालेल्या 'एच-१' अनुसूचीत सुरुवातीला ४६ औषधे होती आणि त्यांत सेफिक्झिमसारखी प्रतिजैविके आहेत. त्यांच्या विक्रीची नोंद डॉक्टर व रुग्णाच्या नावासह स्वतंत्र वहीत करून ती तीन वर्षे जपणे दुकानदारावर बंधनकारक आहे. अ‍ॅमॉक्सिसिलिन व अ‍ॅझिथ्रोमायसिन मात्र 'एच' अनुसूचीत मोडतात. तेथे चिठ्ठी आवश्यक आहे, स्वतंत्र वही नाही. पळवाट येथेच निर्माण होते. केरळने जानेवारी २०२४मध्ये 'ऑपरेशन अमृत' ही मोहीम हाती घेऊन चिठ्ठीविना प्रतिजैविके विकणाऱ्या दुकानांवर अचानक तपासण्या सुरू केल्या. कायदा केंद्राचा असला तरी अंमलबजावणी राज्यांकडे असल्याने महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनालाही हे अधिकार आहेत. प्रश्न इच्छाशक्तीचा आहे.

परंतु केवळ विक्री रोखल्याने मुले सुरक्षित होतील, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. न्यूमोनिया, टायफॉइड वा घशाचा स्ट्रेप्टोकोकल संसर्ग झालेल्या मुलाला प्रतिजैविक वेळेवर मिळणे अत्यावश्यक असते. घशाच्या या संसर्गाकडे दुर्लक्ष झाल्यास संधिवाताचा ताप येऊन हृदयाच्या झडपांना कायमची इजा होऊ शकते. सर्दी-खोकला झालेल्या मुलाचा श्वास वेगाने चालत असेल, म्हणजे दोन महिने ते एक वर्ष वयात मिनिटाला ५० वा अधिक आणि एक ते पाच वर्षे वयात ४० वा अधिक, तर न्यूमोनियाची शंका घेऊन त्वरित डॉक्टरांकडे जावे, असा जागतिक आरोग्य संघटनेचा निकष आहे.

औषध योग्य असले तरी मात्रेत चूक होते. बालकांची मात्रा वजनावर ठरते. मोठ्या भावंडाची बाटली धाकट्याला चालत नाही. अ‍ॅमॉक्सिसिलिनच्या थेंबांत प्रति मिलिलिटर १०० मिलिग्रॅम औषध असते, तर १२५ मिलिग्रॅमच्या सिरपमध्ये तेवढे पाच मिलिलिटरला. म्हणजे थेंब चौपट तीव्र. दोन्ही बाटल्यांत गल्लत झाली की मात्रा चौपट होते वा एकचतुर्थांश राहते. घरातील चमच्यांची मापे सारखी नसतात; म्हणून खुणा असलेली पिचकारी वा मापाचे झाकणच वापरले पाहिजे. भुकटी असलेल्या बाटलीत उकळून गार केलेले पाणी खुणेपर्यंतच घालावे, प्रत्येक वेळी बाटली हलवावी. अशी बहुतेक औषधे मिसळल्यावर सात दिवसांनंतर वापरता येत नाहीत. उरलेले औषध पुढच्या तापासाठी जपून ठेवणे हा काटकसरीचा भ्रम आहे. औषधानंतर अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले वा श्वास अडखळला, तर पुढचा डोस न देता तातडीने रुग्णालय गाठावे आणि त्या औषधाचे नाव मुलाच्या फाइलवर कायमचे नोंदवून घ्यावे.

औषध किती दिवस द्यायचे, हेही आजारावरच अवलंबून असते. साध्या न्यूमोनियात तीन ते पाच दिवस पुरतात. स्ट्रेप्टोकोकल घशाला तोंडावाटे दिल्या जाणाऱ्या पेनिसिलिन वर्गाच्या औषधाचे दहा दिवस लागतात. ताप उतरला म्हणून पालकांनी आपल्या मनाने औषध थांबवणे म्हणूनच धोक्याचे आहे.

या साऱ्याच्या मुळाशी एक उणीव आहे : प्रतिजैविक कशासाठी दिले, हे चिठ्ठीवर क्वचितच लिहिलेले असते. केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने जानेवारी २०२४मध्ये डॉक्टरांच्या संघटना व वैद्यकीय महाविद्यालयांना पत्र पाठवून, ते कारण स्पष्ट लिहावे, असे आवाहन केले. ते आवाहनच होते, सक्ती नव्हे. वस्तुतः आजाराचे कारण, मुलाचे वजन आणि औषधाचे दिवस या तीन नोंदी चिठ्ठीवर आल्या, तर डॉक्टरला निदानाचा विचार करावा लागेल, दुकानदाराला मात्रा पडताळता येईल आणि पालकांना 'हेच पुन्हा द्या' म्हणण्यापूर्वी थांबावे लागेल. त्यासाठी नव्या कायद्याची वाट पाहण्याची गरज नाही. पुढच्या भेटीत 'डॉक्टर, हे औषध नेमके कशासाठी?' एवढे पालकांनी विचारले तरी सुरुवात होईल.