सत्तेची मालकी आणि वहिवाट

एककेंद्री राज्यव्यवस्था म्हणजे सर्व सत्ता राजधानीत एकवटणे, असा सार्वत्रिक समज आहे. तो अपुरा आहे. अशा व्यवस्थेतही अधिकार खाली जातात. मात्र ते राज्यघटनेने वाटून दिलेले नसून संसदेने सोपविलेले असतात. जमिनीच्या भाषेत सांगायचे, तर वहिवाट प्रांताची आणि मालकी केंद्राची!

ब्रिटनमध्ये याचे दाखले ठळकपणे आढळतात. उत्तर आयर्लंडला १९२१ पासून स्वतःचे विधिमंडळ होते. हिंसाचार विकोपाला जाताच १९७२ मध्ये लंडनने ते स्थगित करून कारभार हाती घेतला. खुद्द लंडन महानगराची निर्वाचित परिषद टेम्सच्या पैलतीरावरून थॅचर सरकारच्या धोरणांना विरोध करीत होती. संसदेने साधा कायदा करून १९८६ मध्ये तिचे अस्तित्वच संपविले. पुढे २००० पर्यंत, तब्बल चौदा वर्षे, त्या राजधानीला संपूर्ण शहराचे असे निर्वाचित शासन नव्हते. सारे कायदेशीर होते. पण ते उचित होते काय?

स्कॉटलंडची कथा वेगळी आहे. तेथील संसदेमागे १९९७ च्या सार्वमताचा ७४ टक्के कौल उभा आहे. लंडनच्या परिषदेमागे असा कौल कधीच नव्हता. स्कॉटलंडसाठी कायदे करण्याचा अधिकार ब्रिटिश संसदेने राखून ठेवला आहे. जानेवारी २०२३ मध्ये स्कॉटिश संसदेने संमत केलेले लिंगओळखविषयक विधेयक ब्रिटिश सरकारने रोखलेही. तथापि स्कॉटिश जनतेच्या सार्वमताविना ती संसद रद्द होणार नाही, असे २०१६ च्या कायद्याने मान्य करावे लागले. मालकी कागदावर अबाधित राहिली, परंतु वहिवाट जनमानसात रुजली.

भारतात केंद्र आणि राज्ये यांचे अधिकार राज्यघटनेनेच वाटून दिले आहेत. महानगरपालिका मात्र राज्याच्या कायद्याचेच अपत्य. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने दर पाच वर्षांनी त्यांची निवडणूक बंधनकारक केली. तरीही आरक्षण आणि प्रभागरचनेच्या वादांत मुंबई महापालिकेचा कारभार मार्च २०२२ पासून जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत प्रशासकाच्या हाती राहिला. त्या काळात नगरसेवक नसल्याची खंत किती घरांतून व्यक्त झाली?

ज्या वहिवाटीकडे कूळच फिरकत नाही, ती मोडायला मालकाला कायदाही लागत नाही.