बंद मुठीतले गुरू आणि मोकळ्या हवेतला श्वास

२७ एप्रिल २०१७ रोजी चीनमधील चेंगदू शहरात एक झुंज झाली. एका बाजूला ताई चीचे गुरू म्हणवणारे वेई लेई आणि दुसऱ्या बाजूला मुष्टियुद्ध-कुस्तीचे आधुनिक प्रशिक्षण देणारा शू श्याओदोंग. गुरूंच्या तळहातावरचे कबुतर त्यांच्या अंतर्शक्तीमुळे उडूच शकत नाही, असे चिनी दूरचित्रवाणीने देशभर दाखवले होते. प्रत्यक्षात अर्ध्या मिनिटाच्या आत गुरू जमिनीवर पडले होते आणि पंच झुंज थांबवत होता. कबुतराला अडवणारी शक्ती माणसाच्या ठोशाला अडवू शकली नाही!

एखादा गुरू हरला, यात नवल नाही. नवल पुढेच आहे. चीनच्या वुशू संघटनेने गुरूच्या दाव्याची चौकशी करण्याऐवजी झुंजीचाच निषेध केला. शू मात्र एकामागून एक 'गुरूं'ना आव्हान देत राहिला. पुढे ताई चीच्या एका नामवंत आचार्यांविषयी अपशब्द वापरले म्हणून न्यायालयाने त्याला माफी मागण्याचा आणि भरपाई देण्याचा आदेश दिला. तो त्याने वेळेवर पाळला नाही, तेव्हा त्याच्या विमान व वेगवान रेल्वेच्या प्रवासावर निर्बंध आले. शूची जीभ सैल होती, हे आम्ही मान्य करतो. परंतु खोटा दावा करणारा सुखरूप राहतो आणि तो दावा तपासणारा अडचणीत येतो, हा न्याय आपल्या वाचकांना अनोळखी आहे काय?

कोणी म्हणेल, चीनमधल्या गुरूंशी आपल्याला काय देणेघेणे? देणेघेणे आहे. श्वासावर लक्ष ठेवणे, शरीर सैल सोडणे, मन स्थिर करणे ही साधना आपल्याही विहारांत आनापान म्हणून शिकवली जाते. तेव्हा या साधनेचा मालक कोण, ती कोणाला मिळावी आणि तिच्या नावावर काय काय खपवले जावे, हा वाद आपल्या दारातलाच आहे.

चिनी भाषेत 'ची' म्हणजे वायू, श्वास, प्राण. ताओवादी साधकांच्या एका परंपरेने पूर्वी शिंगरफ आणि पारा यांपासून अमरत्वाची गुटी बनवण्याचा खटाटोप केला. त्या गुट्या खाऊन तांग घराण्यातले काही सम्राट अमर होण्याऐवजी विषबाधेने मेले! त्यानंतर हळूहळू ही भट्टी बाहेरून आत गेली. शरीर हीच भट्टी, बेंबीखालचा भाग हीच मूस आणि श्वास हाच जाळ, असे सांगणारी 'अंतर्किमया' प्रबळ झाली. तिचे ग्रंथ ड्रॅगन आणि वाघ, शिसे आणि पारा अशा सांकेतिक भाषेत लिहिले गेले. खरी किल्ली गुरूच्या तोंडी! अकराव्या शतकातील झांग बोदुआन हा या परंपरेचा मोठा आचार्य. आपण तीन वेळा अपात्र माणसांना विद्या दिली आणि तिन्ही वेळा आपल्यावर संकट कोसळले, असे त्यानेच आपल्या ग्रंथाच्या शेवटी लिहून ठेवले आहे. अपात्राला ज्ञान दिले तर दैव कोपते! ही भाषा ऐकल्यावर आपल्याला एकलव्याचा अंगठा आठवल्याशिवाय राहत नाही.

विद्या गुप्त ठेवायची तर तिला वंशावळ लागते. ताई चीचा आरंभ वूदांग पर्वतावरच्या झांग सानफेंग नावाच्या अमर ताओवाद्याने केला, अशी कथा गेल्या शतकात घरोघर सांगितली जाई. थांग हाओ नावाच्या अभ्यासकाने १९३० साली शाओलिन आणि वूदांगच्या या कथांची चिकित्सा करणारे पुस्तक लिहिले. नंतर तो हनान प्रांतातील चेन घराण्याच्या गावी स्वतः गेला. तेथील जुने कागद व वंशनोंदी त्याने पाहिल्या. त्याला अमर माणूस सापडला नाही. सापडला तो सतराव्या शतकातला चेन वांगथिंग नावाचा हाडामांसाचा लढवय्या. थांगच्या निष्कर्षांवर अभ्यासकांत आजही वाद आहे आणि तो असावाही. पण दंतकथेला कागद मागणारा माणूस त्या समाजात उभा राहिला, हे महत्त्वाचे.

असे आणखीही काही जण उभे राहिले. च्यांग वेइच्याओ या शिक्षणतज्ज्ञाला तरुणपणी क्षयाने गाठले होते. त्याने शांत बसण्याच्या साधनेवर १९१४ साली एक छोटे पुस्तक लिहिले आणि ते साध्या भाषेत लिहिले. ड्रॅगन नाही, पारा नाही, शपथ नाही. कसे बसायचे, श्वास कसा घ्यायचा, आपल्याला काय अनुभव आले, एवढेच. पुस्तक हजारोंच्या हाती गेले. दैव कोपले नाही! क्षयानेच पीडलेला चेन यिंगनिंग हा तर स्वतः ताओवादी साधक. त्यानेही १९३० च्या दशकात शांघायमधून नियतकालिके चालवून गुप्त साधनेची उघड चर्चा घडवली. ही माणसे धर्म सोडून आलेली नव्हती. त्यांनी मूठ उघडली, इतकेच.

नव्या चीनमध्येही सुरुवात चांगली झाली. पोटाच्या अल्सरने बेजार झालेला ल्यू ग्वेईझेन हा पक्षाचा साधा कार्यकर्ता गावी जाऊन एका जाणकाराकडून श्वसनाची पद्धत शिकला आणि बरा झाला. १९४९ च्या सुमारास त्याने व त्याच्या सहकाऱ्यांनी तिला 'चीगोंग' हे नाव दिले. पूजाअर्चा वगळून ती दवाखान्यात आणली. पुढे कर्करोगाशी झगडणाऱ्या ग्वो लिन या चित्रकार बाईंनी १९७० च्या दशकात पेकिंगच्या बागांमध्ये ती सर्वांदेखत शिकवायला सुरुवात केली. बागेतून हुसकावले तरी त्या दुसऱ्या बागेत जात. त्यांची पद्धत कर्करोग बरा करते, हे सिद्ध झालेले नाही आणि आम्ही तसे म्हणणार नाही. पण बंद खोलीतली विद्या त्यांनी मोकळ्या हवेत आणली, हे श्रेय त्यांचेच.

मग बिघडले कोठे? १९७९ साली सिचुआनमधील एका मुलाला कानाने वाचता येते, अशी बातमी छापून आली आणि देशभर अशा मुलांचे पीक आले. अग्निबाणांचे शास्त्रज्ञ म्हणून देशाने डोक्यावर घेतलेले च्यान श्वेसेन यांनी या 'अलौकिक शक्तीं'ना पाठबळ दिले. अर्थतज्ज्ञ यू ग्वांगयुआन यांनी त्यांचा जाहीर विरोध केला. दोन मोठी माणसे समोरासमोर आली होती. वाद होऊ द्यायला हवा होता. सत्तेने काय केले? १९८२ मध्ये फर्मान निघाले की या विषयाचा प्रचार करू नका, टीका करू नका आणि वादही घालू नका. वरून हा तटस्थपणा दिसतो. पण प्रचाराचे तोंड कोणालाच बंद करता आले नाही; बंद झाले ते टीकेचे तोंड! त्यानंतर येन शिन यांच्यासारखे गुरू क्रीडांगणे भरवू लागले. १९८७ साली ईशान्य चीनच्या जंगलात लागलेला प्रचंड वणवा त्यांनी आपल्या शक्तीने विझवण्यास मदत केली, असे दावेही पसरले.

लोक वेडे होते म्हणून हे झाले, असे म्हणणे म्हणजे गरिबांचा अपमान आहे. १९७० च्या दशकाअखेरीस चीनच्या दहापैकी नऊ गावांत सहकारी आरोग्य योजना होती. सामुदायिक शेती मोडली आणि १९८५ च्या सुमारास ती योजना शंभरातल्या जेमतेम पाच गावांत उरली. ज्याला डॉक्टर परवडत नाही तो गुरूकडे जातो. दवाखाना बंद होतो, तेव्हाच बुवाचा दरबार भरतो. हे चीनलाच लागू आहे असे नाही.

त्याची किंमत कोणी मोजली ते पाहा. हू वानलिन नावाच्या 'दैवी वैद्या'ने चीगोंगच्या नावाखाली रोग्यांना घातक प्रमाणात सोडियम सल्फेटचे जालीम रेचक पाजले. रोगी मेले. २००० साली त्याला पंधरा वर्षांची शिक्षा झाली. सुटून आल्यावर त्याने पुन्हा तोच धंदा मांडला. २०१३ मध्ये त्याच्या शिबिरात एक विद्यार्थी मेला आणि २०१४ मध्ये त्याला पुन्हा पंधरा वर्षांची शिक्षा झाली. या माणसाची थोरवी गाणारे लेखक होते, पुस्तके होती. मेलेल्यांची बाजू मांडणारे मात्र थोडेच निघाले.

आता वादाची दुसरी बाजू. १९९२ मध्ये ली होंगझी यांनी सुरू केलेल्या फालुन गोंग पंथाचे सुमारे दहा हजार अनुयायी २५ एप्रिल १९९९ रोजी पेकिंगमध्ये सत्ताकेंद्राच्या भिंतीबाहेर मुकाट्याने उभे राहिले. त्याच वर्षी जुलैमध्ये पंथावर बंदी आली. मग अटका, श्रमछावण्या, कोठडीतील छळ आणि मृत्यू. ज्या सत्तेने काल टीका करू नका म्हटले, तिनेच आज साधकांच्या पाठीवर काठी चालवली. या पंथाच्या गुरूंचे अनेक दावे आम्हाला साफ अमान्य आहेत. आजारपण हे पूर्वकर्माचे फळ, ही त्यांची शिकवण तर जातीच्या समर्थनासाठी आपल्याच पूर्वजांच्या कपाळी मारली गेली होती. तरीही आम्ही ठणकावून सांगतो की, काठी म्हणजे चिकित्सा नव्हे! श्रद्धेबद्दल माणसाला कोठडीत टाकणारी सत्ता विज्ञाननिष्ठ ठरत नाही. ती फक्त स्वतःशिवाय दुसरा गुरू सहन करत नाही.

महाराष्ट्राने यातला फरक दाखवला आहे. २० ऑगस्ट २०१३ रोजी डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला आणि त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा आला. हा कायदा कोणाच्या मनातल्या श्रद्धेला हात लावत नाही. साप चावलेल्या माणसाला दवाखान्यात जाण्यापासून रोखणाऱ्याला, अलौकिक शक्तीच्या नावाने फसवणाऱ्याला तो पकडतो. श्रद्धा मोकळी आणि फसवणूक गुन्हा, ही रेघ बरोबर आहे. ती ओढण्यासाठी एका माणसाला प्राण द्यावे लागले, हे विसरता येणार नाही.

साधना टाकाऊ आहे काय? मुळीच नाही. मूठ उघडल्यावर तिचे सोने झाले. अमेरिकेत पार्किन्सनच्या १९५ रुग्णांवर झालेला अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. ताई ची करणाऱ्यांचा तोल सुधारला आणि पडणे कमी झाले, असे त्यात आढळले. गुडघ्याच्या संधिवातासाठी अमेरिकेतील संधिवाततज्ज्ञांच्या संस्थेने २०१९ मध्ये ताई चीची ठाम शिफारस केली. यात अमर माणूस नाही, वंशावळ नाही, थांबलेले कबुतर नाही. म्हाताऱ्या माणसाचा तोल सावरला, एवढेच. आणि ते थोडे नाही.

अडीच हजार वर्षांपूर्वी तथागतांनी आयुष्याच्या अखेरीस आनंदाला हेच सांगितले होते. भिक्षुसंघ आता शेवटचे काही गुपित ऐकण्याची वाट पाहत होता. त्यावर तथागतांनी स्पष्ट केले की, आतल्यांसाठी एक आणि बाहेरच्यांसाठी एक असा धम्म आपण शिकवला नाही आणि आचार्याची बंद मूठ आपल्यापाशी नाही. बाबासाहेबांनीही बुद्ध आपल्यापुढे ठेवला तो वाट दाखवणारा म्हणून, तारणहार म्हणून नव्हे. ज्या धम्मात शास्त्याची मूठ उघडी आहे, त्या धम्माच्या माणसाने दुसऱ्या कोणाच्या बंद मुठीपुढे का वाकावे?

म्हणून आमचे सांगणे साधे आहे. ताई ची असो, आनापान असो की आणखी काही; बागेत जा, शिका, श्वास घ्या. पण शिकवणाऱ्याला काही प्रश्न अवश्य विचारा. दावा सर्वांसमोर तपासू देता का? डॉक्टरांचे औषध चालू ठेवू देता का? प्रश्न विचारणाऱ्याला अपात्र ठरवता का? आणि शिष्याला उद्या निघून जायचे असेल तर दार उघडे आहे का? ज्याला हे प्रश्न झोंबतील त्याच्याकडे देण्यासारखे काही नाही, असे खुशाल समजावे. श्वास कोणाच्या घराण्याची मालमत्ता नाही. तो जन्मल्याबरोबर प्रत्येकाला मिळतो, आणि तोही गुरूला न विचारता!