कल्याणच्या पुढचं घर

मुंबईत भाडं परवडेना, ठाण्यात हप्ता झेपेना, म्हणून नोकरदार माणूस कल्याणच्याही पुढे सरकत गेला. सीएसएमटीपासून ६८ किलोमीटरवरच्या बदलापुरात निदान स्वतःचा वन बीएचके होतो. २०११च्या जनगणनेतच कुळगाव-बदलापूरची वस्ती पावणेदोन लाखांच्या आसपास होती. राहिलेली किंमत लोकलमध्ये मोजावी लागते. अंबरनाथची कित्येक माणसं सकाळी बसायला जागा मिळावी म्हणून आधी डाऊन गाडीने बदलापूरला जातात आणि त्याच गाडीने मुंबईकडे परततात; मग बदलापूरकर उभेच, आणि दारात रोजची वादावादी. उल्हासनगरचं दुखणं वेगळं आणि अधिक जीवघेणं. फाळणीनंतर लष्करी छावणीच्या बराकींत वसलेल्या या शहरात पुढे बेकायदा इमारती दाटीवाटीने उभ्या राहिल्या. २८ मे २०२१ रोजी साईसिद्धी इमारतीच्या पाचव्या मजल्याचा स्लॅब खालचे मजले फोडत तळापर्यंत आला. सात जण गेले. जुना फ्लॅट स्वस्तात मिळतोय म्हणून टोकन देण्याआधी स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल मागाच. आणि बदलापुरात नदीकाठी घर बघत असाल, तर उल्हासची पूररेषा नकाशावर तपासा; २००५ आणि २०१९च्या जुलैत तिथे पाणी घरांत शिरलं होतं.